शिरगणती आणि साक्ष

मोजल्यावांचून कांहीं मानूं नये, ही आम्हां हिशेबी माणसांची जुनी संवय. गणिताच्या एका शाखेनें तिला चांगलाच धक्का दिला.

जेथें शून्य व एक हे दोनच अंक आहेत आणि एक अधिक एक म्हणजे पुन्हां शून्य, अशी एक अंकसृष्टि आहे. तेथील दहा ओळी व दहा स्तंभ यांचीं चौकोनी कोष्टकें घ्या. यांसच मॅट्रिक्स म्हणतात. ज्यांचा गुणाकार उलटवितां येतो अशा कोष्टकांची संख्या ३० आंकडी भरते. आणि नेमक्या निवडलेल्या दोनच कोष्टकांच्या गुणाकारांतून हा सारा समूह उभा राहतो!

पण हातीं आलेलीं दोन कोष्टकें सारा समूह उभा करितात, कीं त्याचा एखादा तुकडाच, हें ओळखावें कसें? संगणकानें सेकंदास शंभर कोटि कोष्टकें मोजलीं तरी शिरगणतीस अकरा लाख कोटींहून अधिक वर्षें लागतील. ऑक्सफर्डचे पीटर नॉयमन व ऑस्ट्रेलियाच्या शेरिल प्रेगर यांनीं १९९२ सालीं निराळी वाट दाखविली. गुणाकारांतून यदृच्छेनें कांहीं कोष्टकें उचलावीं आणि त्यांत ठराविक खुणा शोधाव्या. खुणा सांपडल्या, कीं 'होय' हें उत्तर पक्कें. न सांपडल्यास 'नाहीं' म्हणावें. मात्र त्या 'नाहीं'मध्यें चुकीचा थोडा संभव उरतो, आणि चाचण्या वाढवाव्या तसा तो घटतो.

'होय' आणि 'नाहीं' यांचें वजन सारखें नसतें, हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. मुलाच्या डोक्यांत गणित नाहीं असें ठरविण्यापूर्वीं आपण चाचण्या किती घेतल्या, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें.