पाठीमागच्या निऱ्या

परमेश्वराने माणूस घडवताना एक खुबी करून ठेवली आहे. माणसाला जगातल्या सगळ्यांची पाठ दिसते; दिसत नाही ती फक्त स्वतःची. सदऱ्याचे टोक बाहेर आलेले असो की कोटाला भिंतीचा चुना लागलेला असो, ते दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. "अहो, थांबा जरा, मागे कॉलर वर राहिलीय," हे वाक्य मी तीस वर्षे दारातून बाहेर पडता पडता ऐकले. 2015 साली ही गेली आणि ते वाक्य थांबले.

मी एडिंबरोला राहतो. 1987 साली इथल्या एका विमा कंपनीत हिशेबनीस म्हणून आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आमचे बिऱ्हाड मार्चमाँट भागातल्या एका दगडी, चार मजली इमारतीत आहे. अशा इमारतीला इकडे टेनेमेंट म्हणतात. पण गिरगावातल्या माणसाला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. जिना एकच, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर बिऱ्हाडे, आणि जिना झाडण्याची पाळी! फरक इतकाच, की इथली दारे बंद असतात. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांशी माझे जे काही बोलणे झाले होते ते सगळे पावसावर. एडिंबरोत पाऊस भरपूर असल्यामुळे विषय कधी संपला नाही, आणि पुढेही सरकला नाही.

ही होती तोवर ते खुपले नाही. घरात बोलायला माणूस होते आणि पुण्याला फोनवर आक्का होती. पुढे मात्र असे आठवडे गेले, की शुक्रवारी संध्याकाळी दुकानदाराला 'थँक्यू' म्हटल्यावर सोमवार सकाळपर्यंत तोंड उघडण्याचा प्रसंगच येऊ नये. ब्रिस्टलची लेक म्हणे, "बाबा, माझ्याकडे या." पण म्हातारे झाड उपटून दुसरीकडे लावू नये, असे म्हणून मी तिची समजूत घातली.

अशात 2017 च्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी दार वाजले. दारात खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा उभे. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो. अंगात जाकीट, पायांत लोकरी मोजे आणि मध्ये किल्ट.

"त्रास नसेल तर जरा माझ्या पाठीकडे पाहाल का?" ते म्हणाले. "निऱ्या नीट पडल्या आहेत की नाही ते मला दिसत नाही. पूर्वी बायको पाहायची."

मी पाहिले. डावीकडची तिसरी निरी उलटी दुमडली होती. वाकून ती सरळ केली, अंगठ्याने दाबली. लहानपणी सणासुदीला आईच्या लुगड्याच्या निऱ्या खालून ओढून सारख्या करण्याचे काम माझ्याकडे असे. हाताला ते आठवत होते. मास्तरांना माझ्या सफाईचे नवल वाटले. मी म्हटले, "माझी आई नऊ वार नेसायची."

मास्तर क्षणभर गप्प राहिले. "नऊ?" ते म्हणाले. "आमचे आठच." त्या एका वाराच्या फरकावर आमची मैत्री जुळली.

किल्ट म्हणजे परकर, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि तिच्या प्रमुख प्रवर्तक आमच्या आक्का. पण हे वस्त्र म्हणजे शिंप्याची परीक्षा असते. चांगल्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. मोठ्या पन्ह्याचे चार वार घेऊन उभे मधोमध कापतात, दोन्ही तुकडे जोडतात आणि जोड एका निरीच्या पोटात लपवतात. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर; उरलेले सगळे कापड मागच्या निऱ्यांत. निऱ्या कंबरेपासून खाली वीतभर हाताने शिवून टाकायच्या, पुढे मोकळ्या सोडायच्या. त्याही अशा मोजून घालायच्या, की मिटल्यावर चौकडी अखंड दिसली पाहिजे. खालच्या कडेला दुमड नसते; कापडाचा काठच खाली येतो. काठाचे महत्त्व त्या लोकांनाही कळते, हे पाहून मला बरे वाटले. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे कातडी पिशवी लटकते. तिला स्पोरन म्हणतात; आजोबा असते तर चंची म्हणाले असते.

मास्तरांचे एक टोळके होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा-बारा जणांनी किल्ट घालून जमायचे आणि कधी मेडोजच्या हिरवळीतून, तर कधी पोर्टोबेलोच्या समुद्रकाठाने पाय मोकळे करायचे, एवढाच कार्यक्रम. लग्नाला किंवा 25 जानेवारीच्या बर्न्सच्या रात्री इकडे पुष्कळ जण किल्ट घालतात; ही मंडळी दूध आणायलाही किल्टमध्ये जात. त्यांत एक बसचालक होता, एक दातांचे डॉक्टर होते, दोन कॉलेजातली पोरे होती. रस्त्यात कुणीतरी 'तो' प्रश्न विचारणारच, म्हणजे आत काय घातले आहे हा. त्याचे ठरलेले उत्तर होते, "बूट आणि मोजे."

मीही किल्ट शिवून घ्यावा असा आग्रह सुरू झाला. मी टाळत होतो. इतकी वर्षे या देशाचा कर भरला, इथल्या मातीत बायकोची राख मिसळली. तरी 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. त्यात सदाशिव पेठेतल्या माणसाने किल्ट चढवला, तर लोक सोंग म्हणतील. आणि मी कुठल्या घराण्याचे टार्टन लावणार? आडनावावरून चौकडी ठरते म्हणतात. आमच्या आडनावाला पंचा तेवढा ठाऊक!

एका शनिवारी मेडोजमधल्या बाकावर मास्तरांनी माझी शिकवणीच घेतली. म्हणाले, "तुम्हाला वाटते हे आमच्या पूर्वजांचे आहे? एडिंबरोचे लोक पूर्वी किल्ट घालतच नसत. तो उत्तरेकडच्या डोंगरी लोकांचा वेष. इथला सभ्य माणूस त्यांना रानटी म्हणायचा."

मग त्यांनी सगळी कथा सांगितली. पूर्वी हे डोंगरी लोक लांबलचक कापडच कंबरेला आवळून त्याचा शेव खांद्यावर घेत. आजचा आखूड किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला; तो एका इंग्रज भट्टीवाल्याने काढला असे काही जण सांगतात, आणि त्यावर अजून भांडणे होतात. 1746 च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या रणावर डोंगरी फौजेचा मोड झाला आणि त्याच वर्षी कायदा आला: डोंगरी वेष बंद! पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे काळे पाणी. सूट होती फक्त सरकारी पलटणींतल्या शिपायांना. 1782 साली कायदा उठला, तोवर छत्तीस वर्षे लोटली होती.

"आणि मग गंमत पाहा," मास्तर म्हणाले. 1822 च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला. स्वागताची सगळी सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या हाती. त्यांनी शहरभर टार्टनची लयलूट केली, आणि राजेसाहेब स्वतः गुलाबी तुमानीवर किल्ट चढवून मिरवले. कलोडनला ज्या सेनापतीने डोंगरी लोकांचा निःपात केला, तो ड्यूक ऑफ कंबरलंड या राजाचा चुलत आजोबा! तेव्हापासून पठारावरचे वकील आणि सावकारही किल्ट घालू लागले. घराण्याघराण्याची टार्टने पक्की झाली ती बहुतेक त्याच सुमारास. 1842 साली निघालेला टार्टनांचा एक मोठा 'प्राचीन' ग्रंथ तर पुढे चक्क बनावट ठरला. "तेव्हा आम्ही सगळेच उसने घेणारे," मास्तर म्हणाले. "कुणी आधी घेतले, कुणी नंतर."

बसचालक इतका वेळ गप्प होता. त्याचे आजोबा इटलीतून ग्लासगोला आइस्क्रीम विकायला आले होते. 1940 च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इथल्या इटालियन पुरुषांना रातोरात शत्रू म्हणून धरले. आजोबांच्या भावाला कॅनडाकडे निघालेल्या 'अरँडोरा स्टार' जहाजावर चढवले. 2 जुलैला जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. आठशेहून अधिक माणसे गेली; त्यांत चारशेहून अधिक इटालियन. तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी तरी दुकान हलवले नाही. वडिलांच्या लग्नात त्यांनी किल्ट घातला. लोक हसले. ते म्हणाले, ज्या देशात माझ्या भावाची कबरसुद्धा नाही, तिथले काहीतरी माझ्या अंगावर असू दे."

त्यानंतर मला नाही म्हणवेना. मी ब्लॅक वॉच टार्टन निवडले: गडद निळे, हिरवे आणि काळे. ते जुन्या पलटणीचे, म्हणून कुठल्याही घराण्याचे नाव नसलेल्याने घातले तरी चालते. शिंपीणबाईंनी मापे घेताना बजावले, की किल्ट पोटावर घालायचा नसतो, बेंबीशी घालायचा असतो. धोतर नेसणाऱ्या खानदानातला माणूस मी. मला ते बरोबर समजले.

किल्ट घालून जिना उतरलो त्या पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वळा पाहू एकदा." इतक्या वर्षांत पावसाव्यतिरिक्त झालेले आमचे हे पहिले बोलणे. वस्त्राने माणूस बदलत नाही, हे मला मान्य आहे. पण विजार घातलेल्या माणसाला कुणी वळायला सांगत नाही.

आमच्या टोळक्यात एक रीत आहे. निघण्यापूर्वी सगळे एका रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागच्या निऱ्या सारख्या करतो. पण शेवटच्याच्या मागे कुणी नसते. म्हणून रांग वाकवून आम्ही तिचे रिंगण करतो. येणारेजाणारे हसतात. हसू देत. गेल्या वर्षापासून मास्तरांचा उजवा हात चालत नाही, तेव्हा त्यांच्या पट्ट्याचे बक्कल मी लावतो. ते डाव्या हाताने माझी कॉलर नीट करतात.

दिवाळीत मी सगळ्यांना फराळाला बोलावतो. बारा किल्ट जिना चढून येतात. दातांचे डॉक्टर कडक चकली स्वतः खातात आणि दुसऱ्यांना जपून खायला सांगतात. यंदा व्हिडिओवर पुण्याहून आक्का होती. परकराबद्दल ती काय बोलते म्हणून मी धास्तावलो होतो. तिने चष्मा पुसला, सगळ्यांना एकदा न्याहाळले, आणि म्हणाली,

"अरे, तो खिडकीशी पाठमोरा उभा आहे ना, त्याची मागची एक निरी उलटी झालीय बघ. सांग त्याला. एकट्याला कसं कळणार?"