मेलुकोट्याचे रथ

म्हैसूर,
नरक चतुर्दशी, सकाळ

चि. बाळ यास,


अभ्यंगस्नान उरकलं, कारीट फोडून झालं. फराळाचं ताट भरलं आणि मग आठवलं की आज शेजारी न्यायचं नाही. शेजारच्या अज्जींच्या दारात आज पणती नसते. त्या मंड्यम अय्यंगार, मूळच्या मेलुकोट्याच्या. टिपूने या दिवशी त्यांच्या समाजातल्या माणसांची कत्तल केली, ही आठवण त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून नरक चतुर्दशी त्यांच्या घरी होत नाही. ताट मी उद्या नेईन.

मे महिन्यात तू आलास तेव्हा अज्जींनीच तुला हे सांगितलं होतं. परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, त्या लोकांकडून याचा हिशोब घ्यायलाच हवा." मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. 'त्या लोकां'त तू कोणाला धरलंस रे? तुझ्या मुंजीचा झब्बा रात्री जागून शिवून देणाऱ्या आमच्या टेलरमास्तरांनाही?

हिशोबच मांडायचा तर वही आपलीही उघडावी लागेल. 1771 साली मोती तलावाजवळ, चिनकुरळीला, मराठे सरदार त्र्यंबकराव पेठ्यांनी टिपूच्या वडिलांचा, हैदरचा, मोड केला. ही लढाई आपण अभिमानाने सांगतो. विजयानंतर आपल्या फौजेने जवळचंच मेलुकोटे लुटलं, हे मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. देवळांच्या लाकडी रथांना लोखंडासाठी आग लावली, ती पसरली आणि धर्मस्थानंही जळाली, अशी नोंद म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. रथ म्हणजे आपल्याकडचे छोटे नव्हेत, गावाने दोरखंड लावून ओढायचे. चार पैशांच्या लोखंडासाठी ते जाळले.

वीस वर्षांनी पुन्हा तेच. 1791 मध्ये आपण इंग्रज आणि निजाम यांच्या बाजूने टिपूशी लढत होतो. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारीतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्ती जागची हलवली. मठाच्या स्वामींना कारकळला जावं लागलं. सरदार ब्राह्मण, ज्याच्या नावाने फौज चालली तो पेशवा ब्राह्मण, आणि मठ आद्य शंकराचार्यांचा! धर्मावरून बाजू ओळखणाऱ्याने इथे काय करायचं?

तुझ्याच मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे कागद छापले. त्यांत ही लूट लपवलेली नाही, ती लमाणांच्या आणि पेंढाऱ्यांच्या नावावर आहे. लूट करणारे हात त्यांचेही असतील. पण मला इथेच अडखळायला होतं. लमाणांच्या बैलांवरच्या धान्याशिवाय त्या काळी कुठलीच फौज हलत नव्हती. त्याच वर्षी, 1791 च्या मे महिन्यात, इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसचं उपाशी सैन्य, स्वतःच्याच अवजड तोफा फोडून, श्रीरंगपट्टणहून मागे फिरलं तेव्हा मेलुकोट्याच्या आसपास त्याला मराठ्यांची छावणी भेटली आणि तिच्या बाजारात धान्य मिळालं. पोट भरायला लमाण हवे आणि पाप झालं की तेही लमाणांचंच! पुढे इंग्रजांनी 1871 चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. अख्ख्या समाजावर बोट ठेवण्याची ही खोड फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे हुकूम देणारा सुटतो.

आता दुसरी बाजू. 1916 साली म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे नरसिंहाचार यांना शृंगेरीत टिपूची कन्नड पत्रं सापडली. लुटीनंतर त्याने स्वामींना जगद्गुरू म्हणून लिहिलं, शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी रोकड आणि धान्य द्यायला आपल्या अंमलदाराला सांगितलं. शत्रूचा नाश व्हावा म्हणून अनुष्ठानही मागितलं. त्या शत्रूंत आपण होतो. ज्याने 1784 मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरादारातून उठवून श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तोच हा टिपू. त्याला एका शब्दात बसवणं मला जमत नाही, आणि तू घाईने बसवू नयेस असं वाटतं. मला जास्त मोठी वाटतात ती मठातली माणसं. मधे राज्यं बदलली, टिपू सगळ्यांचा वैरी ठरला, तरी त्यांनी ती पत्रं सव्वाशे वर्षं जपली. उपकाराचा कागद त्यांनी फेकला नाही.

मेलुकोट्याच्या रथांची ही हकिकत मी परवापर्यंत अज्जींना सांगितली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन इथे आले तेव्हा कन्नडचं अक्षर येत नव्हतं. भाजीवाल्याशी बोलायला त्यांनी शिकवलं. तुझ्या आतेबहिणीच्या वेळी दोन महिने माझा चहा-जेवणाचा डबा त्यांच्या घरून आला. त्यांच्या गावाचे रथ माझ्या लोकांनी जाळले, हे लपवून त्यांची पुळियोगरे खाणं मला परवा तुझ्या फोननंतर जड गेलं. गेले आणि सांगितलं.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरातही एकच नाव उरलं होतं, टिपूचं. मग म्हणाल्या, "तू कुठे होतीस तेव्हा?" आणि थोड्या वेळाने, "पण सांगितलंस ते बरं केलंस." मी निघाले तर हातात डबा दिला, नेहमीसारखाच.

बाळ, मी तिथे नव्हते, तूही नव्हतास, टेलरमास्तरही नव्हते. तरी मला सांगावंसं वाटलं, कारण त्र्यंबकरावांचा विजय मी माझा म्हणते.

खऱ्यांचे खंड तुझ्या गावातच मिळतील, शृंगेरीची पत्रं स्वतः वाच. आणि मार्च-एप्रिलात मेलुकोट्याला वैरमुडीचा उत्सव असतो, तेव्हा चार दिवस काढून ये. अज्जींना गुडघ्यांमुळे एकटीने तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यांना हात धरून वर न्यायला तू हवा आहेस.

तुझी,
आत्या