पाण्याच्या रेषेवरचे पाम

लॉस एंजेलिसहून पूर्वेला निघालं की सान गोर्गोनियो खिंडीत पवनचक्क्यांच्या रांगा लागतात, आणि त्या मागे पडताच हिरवा रंग जवळजवळ संपतो. उजव्या हाताला सान हासिन्तोचा डोंगर, समोर कोचेला खोऱ्याचं रखरखीत सपाट रान. गाडी चालवता चालवता भाचा म्हणाला, "मावशी, झाडं बघायला वाळवंटात कोण जातं गं?"

लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आभाळात गेलेले सडपातळ पाम दिसतात, ते बहुतेक मूळचे मेक्सिकोतले. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा असा पाम एकच, वॉशिंग्टोनिया फिलिफेरा. जर्मन वनस्पतितज्ज्ञ हर्मान वेन्डलँड यांनी 1879 मध्ये या प्रजातीला जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव दिलं. हा पाम मला त्याच्या जन्मगावी बघायचा होता.

पाम स्प्रिंग्जच्या दक्षिणेची पाम कॅन्यन ही लांबलचक घळ आग्वा कालिएन्ते काहुइया या आदिवासींच्या मालकीची आहे. तिकीट काढून पायवाटेने खाली उतरलो. वर कातळ तापलेला आणि खाली ओढ्याकाठी गर्द सावली. साठ फुटांपर्यंत गेलेले बुंधे, मिठीत न मावणारे. पंख्यासारखी पानं आपल्या ताडाची आठवण करून देतात, पण इथे पानांच्या चिरांमधून पांढरे धागे लोंबत असतात. हेच धागे ओढून ओरिओल पक्षी आपलं घरटं पानाच्या खालच्या बाजूला शिवून टाकतो.

काही बुंधे कोळशासारखे काळे होते, तरी शेंड्याला पानं हिरवीगार. काहुइया लोक या झाडाची काळी, वाटाण्याएवढी फळं खात, बियांचं पीठ करत, पानांनी घरं शाकारत. पीक चांगलं यावं, कीड मरावी म्हणून ते या राया मुद्दाम पेटवतही. ज्या झाडात पाणी वाहणारा थर फक्त सालीखाली असतो, ते अशा आगीत मरतं. पामच्या नळ्या मात्र सबंध खोडात विखुरलेल्या असतात, म्हणून बाहेरून होरपळला तरी तो जगतो. एका बुंध्यावर अंगठा जाईल एवढी गोल भोकं दिसली. हे काम पाम पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. त्याची अळी खोडात वर्षानुवर्षं राहते आणि भुंगेरा होऊन बाहेर पडताना असं भोक पाडते.

पण माझं मन खरं रमलं ते खोऱ्याच्या पलीकडच्या थाउजंड पाम्सच्या राईत. इथे झाडं सान आंद्रेआस भेगेच्या आधाराने उभी आहेत. भेगेत दळला गेलेला खडक चिकणमातीसारखा घट्ट होतो, जमिनीखालचं पाणी अडवतो आणि वर ढकलतो. पामची राई दिसली की तिथे पाणी वर आलंय असं खुशाल समजावं. जमिनीवर क्षारांचा पांढरा थर होता, पण त्याने या झाडांचं काही अडत नाही.

आणि इथे वाळलेली पानं कुणी कापलेली नव्हती! एकेका झाडाला शेंड्यापासून जमिनीपर्यंत तपकिरी घागरा. आत सळसळ चालू. पिवळी वटवाघळं दिवसा तिथेच झोपतात. पाम स्प्रिंग्ज गावातल्या रस्त्यांवर हाच पाम पानं छाटून उभा केलेला आहे. घरांना लागून असेल तर आगीच्या आणि उंदरांच्या भीतीने छाटणं मला समजतं. मोकळ्या बागेत मात्र ते झाडावर अन्याय करणं आहे.

परतताना भाच्यालाच रोप हवंसं झालं. त्याचं घर डोंगराआड, कोरड्या हवेत, म्हणून मीही हो म्हटलं. समुद्रकाठच्या दमट हवेत याच्या पानांवर बुरशीचे काळे ठिपके धरतात, तिथे लावूच नये. नर्सरीत बियांपासून केलेली रोपं होती. कोवळी पानं गवताच्या पात्यासारखी, पंखे नंतर येतात. देठाच्या काट्यांना जपत रोप निवडलं. भाच्याला सांगितलं, दिवसभर ऊन हवं. उन्हाळ्यात मुळांशी खोलवर पाणी दे, पण शेंड्यात पाणी साचू देऊ नकोस, कोंब कुजतो. अंगणाचा टोकाचा, घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांबचा कोपरा ठरवला, म्हणजे वाळलेल्या पानांना कात्री लावायची वेळच येणार नाही.