फिरती कॉट

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ही बारामतीतून सेकंडहँड आणली. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेले, पायथ्याशी दोन हँडल. डावं फिरवलं की डोकं वर, उजवं फिरवलं की गुडघे. उजवं मध्येच अडतं; तिथं जरा मागं घेऊन मग रेटायचं. ही खोड आईच्या मनगटाला पाठ होती.

कॉट आजाऱ्याची म्हणतात, पण आमची खरी आईच्या कमरेची होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खालच्या गादीवर ते करता करता आईच अर्धी मोडली होती. भेटायला येणारे वडिलांना विचारायचे, "कसं वाटतंय?" हँडलपाशी उभ्या असलेल्या बाईला चहाचं सांगायचे.

वडील गेले. तेरावा होऊन चार दिवस झाले नसतील, तोच सणसरहून निरोप आला, "कॉट मोकळी झाली का?" छोट्या हत्तीत बसून कॉटबाई निघाल्या. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, पुढं लासुर्णे. तुकोबांच्या पालखीचाच रस्ता. पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण असतं, बेलवाडीत घोड्यांचं. हिला कसलं आलंय रिंगण! पालखीचा मुक्काम रात्रीचा, हिचा लासुर्ण्यात दोन वर्षं पडला.

अडणारं हँडल दाखवायला आई तिच्याबरोबर गेली. मग माणूस न उचलता चादर कशी काढायची, भरवताना डोकं किती वर घ्यायचं, तेही सांगून आली. सणसरच्या सूनबाईंनी ते पुढं लासुर्ण्यात दाखवलं. असंच एकेकाचं मोकळं झालेलं सामान येत गेलं; आता आमच्या पडवीत चार वॉकर, चाकाच्या दोन खुर्च्या, एक एअरबेड आहे. सामान न्यायला म्हणून बाया येतात आणि दोन तास बसतात. परवा एकजण भिंतीला टेकली ती झोपलीच. कुणी उठवलं नाही. बोर्डबिर्ड काही नाही, पण लोक पडवीला 'केंद्र' म्हणायला लागलेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पगार न घेता सांभाळणाऱ्या घरच्यांनाही काळजीवाहक धरलंय. आमच्याकडं हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. "ती असते की घरी," एवढंच. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत लेकराबाळांसकट घरच्यांची काळजी घेणाऱ्या, 15 ते 59 वयाच्या बायकांची दिवसाला 140 मिनिटं भरली, पुरुषांची 74. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "ह्यात रात्रीचं धरलंय का?"

सध्या कॉट निमगाव केतकीला आहे. मागं तीन घरांनी नंबर लावलाय. तुमच्या माळ्यावर अशी एखादी पडून असेल, तर हँडल गंजायच्या आत खाली काढा.