दोन रकाने

अध्यापकाच्या आयुष्यात तपासावयाचे कागद कधी संपत नाहीत. परंतु त्याने स्वतः लिहिलेला कागद विद्यार्थ्याने तपासून परत आणून द्यावा, असा प्रसंग क्वचितच येतो. आमच्यावर तो 2022 च्या उन्हाळ्यात आला.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. संगणकाशी आमचा संबंध पत्रे लिहिणे आणि गुणपत्रके भरणे एवढाच. असे असता 2016 साली आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो तालुक्याच्या गावी मुलांना संकेतस्थळे बांधावयास शिकवितो. ‘जँगो’ नावाची एक आयती चौकट आहे, असे त्याने सांगितले. संकेतस्थळ उभारताना जी कामे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा करावी लागतात, म्हणजे आलेली मागणी कोणत्या पानाकडे धाडावयाची, माहिती कोठारात कशी ठेवावयाची, ती वाचकापुढे कशी मांडावयाची, ती या चौकटीने अगोदरच करून ठेवलेली असतात. अमेरिकेत कॅन्ससमधील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत 2003 साली ती आकारास येऊ लागली आणि 2005 साली सर्वांना मोफत खुली झाली. तिची माहितीपुस्तके इंग्रजीत विपुल आहेत. त्यांपैकी निवडक भाग डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी असा मांडावा, हा आमच्या विद्यार्थ्याचा बेत. आणि मराठी रकान्याची भाषा आम्ही पाहून द्यावी, ही विनंती.

अडचण नावापासूनच होती. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे हे नाव इंग्रजीत ‘डी’पासून लिहितात आणि त्या ‘डी’चा उच्चार करीत नाहीत. फुकट बसून राहणारे अक्षर देवनागरीने का पोसावे, असे म्हणून आम्ही ते वगळले आणि कामास लागलो. दोन रकाने पाहताच आम्हांला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आठवले. 6 जानेवारी 1832 रोजी निघालेल्या त्या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर असाच शेजारी शेजारी छापला जाई. आपण बाळशास्त्र्यांची गादी चालवीत आहो अशा थाटात आम्ही ‘टेम्प्लेट’चा साचा केला, ‘व्ह्यू’चे दृश्य केले आणि ‘मायग्रेशन’चे स्थलांतर केले. माहितीच्या कोठाराची रचना बदलली म्हणजे त्या बदलाची जी क्रमवार नोंद ठेवतात ती मायग्रेशन. तीत कोणी गाव सोडून जात नाही, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. पाने मात्र देखणी झाली. विद्यार्थ्याने आभार मानले आणि आम्ही तो विषय विसरून गेलो.

सहा वर्षांनी त्याची एक विद्यार्थिनी ती पाने घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

“सर, हे तुम्ही लिहिलंय ना?”

“भाषा आमची,” आम्ही विनयाने म्हणालो.

“भाषा छान आहे, सर. पण ते चालत नाही.”

झाले होते ते असे. 2016 साली पत्त्यांची यादी लिहिण्यासाठी ‘यूआरएल’ नावाची एक आज्ञा वापरीत. 2017 च्या डिसेंबरात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्या शेजारी ‘पाथ’ नावाची सोपी आज्ञा आली आणि 2021 च्या डिसेंबरात निघालेल्या चौथ्या आवृत्तीतून जुनी आज्ञा काढूनच टाकली. मूळ इंग्रजी माहिती त्या त्या वेळी बदलली. आमचा मराठी रकाना जागच्या जागी राहिला. या मुलीने नवी आवृत्ती घेतली, आमचे पान समोर ठेवले आणि अक्षरशः त्याबरहुकूम लिहिले. यंत्राने ते नाकारले. दोन रात्री ती आपलेच काही चुकत असेल असे समजून एकेक अक्षर ताडून पाहत बसली होती. मराठीत लिहिले आहे म्हणजे खास आपल्यासाठी लिहिले आहे, असा तिचा भरवसा! चूक पुस्तकाची होती आणि अपराधी वाटत होते वाचणारीला.

पुढचा महिनाभर आम्ही तिघे संध्याकाळी बसून ती पाने नव्याने लावीत होतो. जँगोच्या मूळ माहितीपुस्तकांचे चार भाग आहेत, हे आम्हांला तेव्हा प्रथम समजले. हात धरून शिकविणारे पाठ, एखादे ठराविक काम कसे करावे याच्या कृती, एखादी गोष्ट अशी का आहे याचे विवेचन, आणि नेमके नाव शोधण्यासाठी संदर्भकोश. सुनेला शेजारी बसवून पोळी लाटावयास शिकविणे वेगळे, पुरणाची कृती लिहून देणे वेगळे, आणि फळीवरच्या डब्यांना चिठ्ठ्या लावणे वेगळे. आम्ही हे सारे एकाच पानावर कालवले होते. आता ठरले ते असे की, पाठ आणि विवेचन मराठीत पुरते आणावे. कोश इंग्रजीतच राहू द्यावा, कारण त्यातील नावे यंत्राला जशीच्या तशी द्यावी लागतात. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच पानावर ठेवावा आणि मराठीने त्याचा अर्थ, कारण आणि परिणाम सांगावा. ‘साचा’ तगला. ‘स्थलांतर’ आम्ही स्वहस्ते खोडले.

खरा वाद शेवटच्या कलमावर झाला. ‘गेटटेक्स्ट’ नावाच्या पद्धतीत मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर अशा जोड्या लिहून ठेवतात. मूळ वाक्यात फेरफार झाला की जुन्या भाषांतराला ‘फझी’ अशी खूण लागते. आणि कोणी माणूस ते पाहून, सुधारून ती खूण काढीपर्यंत वाचकापुढे भाषांतराऐवजी मूळ इंग्रजीच येते. आम्ही कळवळलो. “अगं, सुरेख मराठी पानात मधेच इंग्रजी परिच्छेद! शोभेल का ते?”

“जुनं मराठी शोभतं, सर,” ती म्हणाली, “पण मग माझ्यासारखं कुणीतरी परत दोन रात्री बसतं.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘दर्पणा’चे दोन्ही रकाने एका दिवशी जन्मत आणि एकाच दिवशी शिळे होत; त्यांच्यात फारकत होण्यास अवधीच नसे. आमच्या पुस्तकाचा एक रकाना रोज वाढत होता आणि दुसरा आहे तिथेच थांबला होता. थांबलेल्या रकान्याने आपण थांबलो आहो हे सांगावे, एवढेच ती मुलगी मागत होती.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमच्या स्वतःच्या डोक्यातही हे दोन रकाने आहेत. इंग्रजीच्या रकान्यात गेली तीस वर्षे रोज काहीतरी नवे लिहिले जाते. मराठीचा रकाना शाळेत भरला तो भरला. त्यातील आजीचे शब्द, म्हणी, पाठांतर सारे जागच्या जागी आहे. आमची मराठी गोड आहे असे लोक म्हणतात. गोड असेल, परंतु ती मुरंब्याची गोडी आहे, बरणीचे झाकण न उघडल्यामुळे मुरलेली. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी इंग्रजीत जे सांगितले ते आम्हांला पुरते समजले होते. बाहेर बाकावर आई बसली होती. तिने “काय म्हणाले रे?” म्हणून विचारले. “थोडी विश्रांती हवी,” याच्यापलीकडे आमच्या तोंडून मराठीत एक अक्षर निघाले नाही. डावा रकाना काठोकाठ भरलेला, आणि उजव्यात एक जुने, शोभिवंत वाक्य! तिने त्यावर विश्वास ठेवला. पुढे कित्येक वर्षे आम्ही भाषेकडे शब्द नाहीत म्हणून मनाची समजूत घालीत आलो. शब्द होते, आम्ही ते शोधले नव्हते.

आता त्या पुस्तकाच्या प्रत्येक मराठी पानाच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा आणि पान शेवटचे कधी पडताळले ती तारीख असते. हे काम ती मुलगीच पाहते. परवा तिने एक नवे पान धाडले. खाली आमच्यासाठी एक ओळ होती: “सर, भाषा तेवढी बघा. बाकी मी चालवून बघितलंय.” आम्ही भाषा पाहिली. एका ठिकाणी ह्रस्व-दीर्घ चुकला होता; तेवढा सुधारून पान परत केले.