उणे तीस अंशांतले घर

अमेरिकेच्या नकाशावर मिनेसोटा हे राज्य थेट उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला टेकलेले दिसते. मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही तिथली जुळी शहरे. आपल्याकडील कित्येक कुटुंबे नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झाली आहेत आणि त्यांचे आईवडील कधी सहा महिन्यांसाठी, कधी त्याहून अधिक काळ तिथे मुक्कामाला असतात. आम्ही उभयतांनीही मुलाच्या घरी तिथले दोन हिवाळे काढले. त्या हवेत म्हातारपणी घर कसे सांभाळतात, हे त्या मुक्कामात जवळून पाहता आले.

या प्रदेशाचा स्वभाव त्याच्या भूगोलात आहे. आपल्या उत्तरेला हिमालय उभा आहे, म्हणून मध्य आशियातील गोठवणारे वारे आपल्यापर्यंत थेट पोहोचत नाहीत. मिनेसोटाच्या उत्तरेला असा कोणताही आडवा पर्वत नाही. उत्तर ध्रुवाकडची कोरडी, थंड हवा सपाट मैदानावरून विनाअडथळा खाली येते आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा तिला इथे भेटते. समुद्र दूर असल्यामुळे तापमानाला आवर घालणारे काही उरत नाही. परिणामी ज्या मिनीॲपोलिसमध्ये जुलै १९३६ मध्ये पारा ४२ अंश सेल्सिअसला पोहोचला होता, त्याच राज्यातील टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंशांची नोंद झाली. नागपूरचा उन्हाळा आणि ध्रुवाजवळचा हिवाळा एकाच राज्यात नांदावा, असा हा प्रकार आहे.

त्याहून अवघड आहे ती हवेची चंचलता. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ तिथे सुखद, उबदार होती. बदकांच्या शिकारीसाठी अनेक जण साध्या कपड्यांत नदीकाठी गेले. दुपारपर्यंत वारा फिरला, पाऊस आला, पावसाचे हिम झाले. त्या वादळात एकट्या मिनेसोटात ४९ जण दगावले. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली, तरी सकाळच्या उन्हावर विसंबून घराबाहेर पडू नये, हा धडा तिथल्या जुन्या माणसांच्या अंगी मुरलेला दिसतो. गाडीच्या डिकीत घोंगडी, फावडे, विजेरी आणि थोडा खाऊ ठेवल्याशिवाय ती प्रवासाला निघत नाहीत.

तिथले घर हेही या हवेला दिलेले उत्तरच आहे. जमीन खोलवर गोठते आणि गोठताना फुगते. म्हणून राज्याच्या दक्षिण भागात घराचा पाया किमान साडेतीन फूट आणि उत्तर भागात पाच फूट खोल घ्यावा लागतो. पाया एवढा खोल खणायचाच, म्हणून बहुतेक घरांना तळघर असते. तिथे फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी असते. माळ्यावर उष्णतारोधक थर जाड हवा. तो अपुरा असेल, तर घरातील ऊब छपरावरचे हिम वितळवते, ते पाणी ओघळून थंडगार वळचणीशी पुन्हा गोठते आणि त्या बर्फाच्या बांधामागे तुंबलेले पाणी छतातून घरात उतरते. थंडीची लाट आली, की बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवतात आणि मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवतात, म्हणजे नळ गोठून फुटत नाहीत.

हे सारे एकट्या वृद्ध माणसाने कसे करावे? आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजीबाई एकट्या राहत. चाळीस वर्षांचा संसार त्याच घरात झालेला. मुले दूरच्या राज्यांत. आईने आता वृद्धांच्या वसाहतीत जावे, असा त्यांचा आग्रह. आजीबाईंचा नकार ठाम होता. त्यांनी माझ्या सुनेशी एक साधा करार केला होता. रोज सकाळी आठच्या आत त्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करत. पडदा वर, म्हणजे सारे ठीक.

जानेवारीतल्या एका सकाळी साडेआठ वाजले, तरी पडदा खाली होता. रात्रभर वाऱ्याने हिम लोटले होते. सुनेने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडले, तेव्हा घर गारठलेले होते. आजीबाई अंथरुणात होत्या. पेंगुळलेल्या, बोलणे जड, दिवस कोणता हे सांगता येईना. अंग मात्र थरथरत नव्हते. सुनेने तत्काळ रुग्णवाहिका बोलावली, त्यांच्या छातीपोटाभोवती कोरडी पांघरुणे गुंडाळली आणि हातपाय चोळण्याचा माझा विचार थांबवला. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले, की अशी अवस्था येते. थरथर थांबणे हे सुधारण्याचे लक्षण नसून धोक्याचे असते. अशा वेळी हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये आणि पूर्ण शुद्ध असल्याशिवाय गरम पेयही पाजू नये.

कारण किरकोळ निघाले. फर्नेसचा धूर बाहेर सोडणारी नळी भिंतीतून जमिनीलगत बाहेर पडते. तिच्या तोंडाशी हिम साचले आणि सुरक्षेसाठी यंत्र आपोआप बंद पडले. ते बंद पडले हेही बरेच. एरवी कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात पसरू शकतो. म्हणूनच तिथे प्रत्येक शयनगृहाजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र कायद्याने बंधनकारक आहे.

आजीबाई आठवड्याने घरी परतल्या. मुलांशी बोलणे झाले आणि मधला मार्ग निघाला. त्या घरातच राहिल्या. परंतु हिम काढण्याचे काम एका तरुणाला नेमून दिले गेले, घराचे तापमान उतरताच मुलांच्या फोनवर सूचना जाईल असे उपकरण बसले आणि धुराची नळी उंच करून घेतली गेली. मदत घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी मान्य केले. आणि आईचे घर हा तिचा हट्ट नसून तिचा आधार आहे, हे मुलांनी.

हिवाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. वृद्धांना याहून थोडे अधिकच बरे. एका जाड कोटापेक्षा सैल कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ च्या आसपास असेल, तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी फावड्याने हिम उपसू नये. बर्फावर चालताना पावले लहान टाकावीत, हात खिशात ठेवू नयेत आणि बुटांना काटेरी पट्टे लावावेत. तापवलेली हवा कोरडी असते; तहान नसली तरी पाणी प्यावे आणि त्वचेला तेल लावावे. नित्याची औषधे किमान दोन आठवडे पुरतील इतकी हाताशी असावीत.

एप्रिलमध्ये हिम वितळते आणि तळघरात पाणी शिरू नये म्हणून पंप तपासले जातात. पाठोपाठ चक्रीवादळांचा मोसम येतो. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एक वाजता इशाऱ्याचे भोंगे वाजवून पाहतात आणि हिवाळ्यात घर तापवणारे तळघर आता आसरा म्हणून झाडून ठेवले जाते. आपल्याकडे हिम नाही. पण विदर्भातील उष्णतेची लाट आहे, कोकणातील अतिवृष्टी आहे आणि दोन्हीकडे एकटे राहणारे आजीआजोबा आहेत. त्यांच्यापैकी कोणाची तरी एक किल्ली आपल्याकडे असावी आणि रोज सकाळची एक ठरलेली खूण असावी. एवढी व्यवस्था या आठवड्यातही करता येईल.