बरणीतला बादशाह

आमच्या घरात मासा यायचा तो बाजाराच्या पिशवीतून आणि जायचा तो कालवणात. आम्ही भिवंडीचे कोकणी मुसलमान. खाडी जवळ, त्यामुळे बोंबील, मांदेली, निवटे यांची नावं मला अलिफ-बेच्या आधी पाठ झाली असावीत. घरात कोकणी बोलायची, शाळेत उर्दूतून शिकायचं आणि लिहायची हौस मात्र मराठीत भागवायची, अशा तीन होड्यांवर पाय ठेवून मी वाढले. आता एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवते, आणि पाचवी-सहावीला उर्दूही. अशा घरात काचेतला मासा येणं म्हणजे नानीच्या भाषेत 'अक्कल गहाण टाकणं'.

पाळीव जनावरं घरात नव्हती असं नाही. मांजर होतं, पण ते कुणी पाळलेलं नव्हतं. त्यानंच आम्हांला ठेवून घेतलं होतं. दारावर टोपलीवाला यायचा. त्याच्याकडे गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं असायची. आम्ही भावंडं हट्ट करून ती घ्यायचो, बुटांच्या खोक्यात ठेवायचो, वर कापूस पांघरायचो. तीन दिवसांपेक्षा जास्त एकही टिकलं नाही. त्यांना ऊब लागते, दिव्याची का होईना, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. टोपलीवाला तर सांगणारच नव्हता. ती मेली की तो पुन्हा येणारच होता.

आणि गॅलरीत पिंजरा होता. त्यात मिठू. मिठूबद्दल पुढं सांगते.

बी.एड. केलं 2011 मध्ये. सरावपाठासाठी मी नववीचा नायट्रोजन चक्राचा घटक घेतला होता. चार रंगांचा तक्ता केला, बाण काढले, जीवाणूंसाठी टिकल्या चिकटवल्या. परीक्षक बाईंनी तक्त्याचं कौतुक केलं, गुण चांगले मिळाले. तो तक्ता अजून कपाटावर गुंडाळून ठेवलाय. या चक्राचा कुणाच्या जगण्यामरण्याशी संबंध असतो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीआधीची गोष्ट. पाचवीतला एक मुलगा शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिला. बाप लूमवर रात्रपाळी करणारा, कुटुंब मूळचं आझमगडकडचं. सुट्टीत सगळे मुलूकला निघाले होते. त्याच्या हातात बिस्किटांची जुनी काचेची बरणी होती आणि तिच्यात एक निळा फायटर मासा. शेपटीच्या एका टोकाला जराशी चीर.

"टीचर, इसको रख लोगे? ट्रेन में मर जाएगा."

नाव काय, असं मी विचारलं. बादशाह, तो म्हणाला. मग खिशातून वहीचं पान काढून दिलं. उर्दूत, त्याच्या वाकड्या अक्षरात सूचना होत्या. सकाळी चार दाणे, संध्याकाळी चार दाणे. पीरच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, काही नाही. आरसा रोज थोडाच वेळ दाखवायचा, नाहीतर तो थकतो. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण तो वर येऊन हवा पितो.

शेवटच्या सूचनेला मी हसले. मासा कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो, हे मी त्याला त्याच वर्षी शिकवलं होतं. मी ते परत सांगितलं. तो अदबीनं ऐकत राहिला आणि म्हणाला, "जी टीचर. लेकिन ये पीता है."

रात्री पुस्तकं उघडून पाहिलं. मुलगा बरोबर होता. फायटरला कल्ले असतातच, शिवाय डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या घड्यांचं एक वेगळं इंद्रिय असतं. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागाशी येऊन सरळ हवा घेतो. हा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या आणि दलदलीतल्या उथळ, कोमट पाण्यातला. तिथं प्राणवायू कमी, म्हणून ही सोय. दुकानदार मात्र याच सोयीचा अर्थ लावतात की फायटर पेल्यातही जगतो, त्याला काही लागत नाही. तगून राहणं म्हणजे जगणं, असं समजणारे दुकानांबाहेरही पुष्कळ आहेत. असो.

नानीनं बरणी पाहून कपाळाला हात लावला. "एवढ्याला कालवणात वाटण तरी घालायचं कुठं?" पण सोमवारी मी त्याला खायला घालत नाही हे कळल्यावर तिचं मत पालटलं. "पीरचा रोजा धरतो! तुमच्यापेक्षा बरा आहे." त्या दिवसापासून फजरच्या नमाजनंतर ती बरणीपाशी खुर्ची ओढून बसू लागली. दिसतं तिला कमी. पण निळं काहीतरी हलतंय एवढं दिसायचं, तेवढं तिला पुरायचं.

मलाही त्याचा लळा लागला. एकदा सकाळी पाहिलं तर पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा थर. मला वाटलं पाणी नासलं. वाचल्यावर कळलं, ते घरटं होतं. या जातीत नर घरटं बांधतो. मादीनं अंडी घातली की खाली पडणारं एकेक अंडं तोंडात धरून वर बुडबुड्यांत नेऊन ठेवतो, आणि मग मादीलाही जवळ येऊ देत नाही. एकटा असला, कुणी येणार नसलं, तरी घरटं बांधतोच. मी नानीला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. नाना आखातात होते तेव्हा त्यांनीही इथं घर बांधायला घेतलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीला पाहायला लोक येणार होते. घर आरशासारखं करायचं होतं. पडदे धुतले, काचा पुसल्या, आणि हॉलमधल्या टेबलावरची ती बरणी माझ्या डोळ्यांत खुपू लागली. कडेला शेवाळ, तळाशी घाण. मी बादशाहला वाटीत काढलं, बरणी घासूनपुसून लख्ख केली, नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि त्याला आत सोडलं. आदल्याच दिवशी बिल्डिंगची गच्चीवरची टाकी धुऊन तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. नळाच्या पाण्याला वास येत होता. सकाळी चहा करताना मी स्वतःच कुरकुरले होते. पण बरणी भरताना ते डोक्यात आलं नाही. डोक्यात पाहुणे होते.

पाहुणे आले. बरणीतला मासा सारखा वरखाली करत होता, झपाट्यानं वर येऊन तोंड बाहेर काढत होता. मुलाच्या आईनं कौतुकानं म्हटलं, "किती चपळ आहे!" मीही म्हटलं, "हो, खुशीत आहे आज."

क्लोरिन माशाचे कल्ले जाळतं. वरची हवा पिण्याची सोय असून त्यापुढं उपयोग होत नाही. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवलं असतं तर साधं क्लोरिन उडून गेलं असतं. अँटीक्लोरीनचे थेंब टाकले असते तरी चाललं असतं. निदान सगळं पाणी एकदम न बदलता चौथा हिस्सा बदलला असता तर. हे सगळं मी नंतर वाचलं. सकाळी तो तळाशी आडवा पडला होता आणि निळा रंग राखाडी झाला होता. बहिणीचं स्थळ जुळलं.

मी त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नानीला सांगितलं, पाणी बदलायला आत ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून लोकल पकडून मी क्रॉफर्ड मार्केटला गेले. मंडईचं नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं त्याला किती काळ लोटला, पण मासा घ्यायला निघालेला माणूस क्रॉफर्डलाच जातो. तिथल्या पाळीव प्राण्यांच्या ओळीत मी तास दीड तास फिरले. पिंजऱ्यांत ससे, पांढरे उंदीर, आणि ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते ऑस्ट्रेलियाकडचे बजरीगर. फायटर छोट्या छोट्या बाटल्यांत एकटे एकटे, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा. एकमेकांना दिसले तर काचेवर धडका मारत बसतील म्हणून. मी निळा शोधत होते. एकीकडं जास्त गडद, एकीकडं शेपटी लांब. शेवटी हुबेहूब मिळाला. दीडशे रुपये. फक्त चीर नव्हती. चीर भरून येते, असं सांगू, मी ठरवलं. खरंच भरून येते ती, पाणी चांगलं असलं की. म्हणजे खोट्याला विज्ञानाचा आधारही होता.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले असताना मला मिठू आठवला.

1995-96 असेल. मी सात-आठ वर्षांची. एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं की काय, मिठू गेला. मी जेवले नाही. संध्याकाळी अब्बा नवा मिठू घेऊन आले आणि म्हणाले, बघ, परत आला तुझा. त्याच्या चोचीजवळचा काळा पट्टा वेगळा होता, आणि त्याला माझं नाव येत नव्हतं. मला पहिल्याच नजरेत कळलं होतं. मी म्हटलं, हो, हाच. अब्बांचा चेहरा इतका थकलेला होता. पुढं तो दुसरा मिठू आमच्याकडे नऊ वर्षं होता आणि मी कधीच त्याच्याशी मनापासून बोलले नाही. आपल्याकडचा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे हे तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या गावीही नव्हतं. बऱ्याच जणांच्या अजून नाही. आणि गंमत अशी की त्याच गॅलरीत, त्याच पिंजऱ्याखाली बसून मी इक्बालची 'परिंदे की फ़रियाद' पाठ केली होती. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं गाऱ्हाणं. सूर लावून. मिठू वरून ऐकत होता.

पंधरा जूनला शाळा उघडली. मुलगा पहिल्या तासाच्या आधीच दाराशी. उंची वाढलेली, रंग रापलेला. मी बरणी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडाकडे धरली, एकदा फिरवली.

"टीचर, ये वो नहीं है."

मी चीर भरून येते हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. ते बाहेर आलं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, माशाकडेच बघत होता. मी म्हटलं, "नहीं है. वो मर गया. मेरी गलती से."

"कैसे?"

मी सांगितलं. ब्लीचिंग पावडर, बरणी, पाहुणे, सगळं. सांगताना स्वतःलाच ते इतकं फालतू वाटत होतं. तो ऐकत राहिला, जसा कल्ल्यांबद्दल ऐकला होता.

"उसको कहाँ डाला?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मोगऱ्याच्या कुंडीत, असं म्हणता आलं असतं. आमच्याकडे मोगऱ्याची कुंडी आहेही. मी कचऱ्याचा डबा म्हटलं. तेव्हा तो रडला. मेल्याचं कळल्यावर नाही, तेव्हा.

लहानपणी मदरशात एक हदीस ऐकली होती. अबू उमैर नावाच्या लहानग्याचा छोटा पक्षी मेला होता. हुजूर त्याच्या घरी यायचे, त्याला उदास पाहून खुद्द पक्ष्याचं काय झालं म्हणून त्याला विचारायचे. मुलांशी किती प्रेमानं वागावं, याचं उदाहरण म्हणून उस्ताद ती सांगायचे. त्यांनी दुसरा पक्षी आणून दिला नाही, त्या पक्ष्याची चौकशी केली, हे मला वयाच्या पस्तिशीनंतर एका पोरानं रडून दाखवल्यावर दिसलं.

नवा मासा त्यानं नेला नाही. "आप रखो," म्हणाला. तो माझ्याकडे राहिला. नाव ठेवलं नाही. नानी त्याला मेहमान म्हणायची.

जुलैत मी वर्गासाठी काचेची टाकी आणली, साधारण चाळीस लिटरची. स्पंजचा फिल्टर, खडी, थोडी वनस्पती. मुलांना वाटलं त्याच दिवशी मासे येणार. मी कपाटावरून तो जुना तक्ता काढला. टिकल्या गळून गेल्या होत्या. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विष. खडीत आणि स्पंजात एक प्रकारचे जीवाणू वस्ती करतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी थोडं थोडं बदलून काढून टाकता येतं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून आधी दोनच मासे सोडायचे आणि खायला अगदी कमी घालायचं. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर ती वस्ती मरते. चक्र तेच. फक्त या वेळी मुलं गुण देणार नव्हती, प्रश्न विचारणार होती.

पहिले दोन मासे गप्पी. वाड्याकडच्या मामूंच्या विहिरीतून आणले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून तिथं कुणीतरी सोडलेले. 'गप्पी' नावावर मुलं आठवडाभर हसली. महिन्याभरात पिल्लं झाली, कारण गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते. जास्त झाली तर नाल्यात, तळ्यात सोडायची नाहीत, एवढं मी बजावून ठेवलं. बाहेरचा मासा तळ्यात गेला की तिथल्यांचं खाणं तोडतो.

पाणी बदलण्याचं काम त्या मुलानं मागून घेतलं. आदल्या दिवशी बादली भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी घालायची. घालण्याआधी तो बादलीवर वाकून वास घ्यायचा. मी काही बोलायची नाही.

2024 च्या मेमध्ये टाकीची जबाबदारी पुन्हा माझ्यावर आली. तो मुलूकला निघाला होता. शेवटच्या दिवशी त्यानं वहीचं पान आणून दिलं. अक्षर सुधारलं होतं. सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर, पीरला काही नाही. खाली एक ओळ नवी होती, लाल शाईत, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या : पानी सूँघ के डालना.